तिथं आत्ता रात्र असते

माझी लेक चौथीत होती तेव्हाची ही गोष्ट. अंबाजोगाईतल्या एका कॉलेजनं आपल्या मैदानावर देशोदेशींचा मेळा भरवला होता. एकेका वर्गाला एकेक देश वाटून दिलेला. त्या देशाचे कपडे, खाणं, घरं, माणसं एकमेकांना नमस्कार कसा करतात, हे सगळं पोरांनी आपापल्या मांडवात दाखवायचं. शाळेत त्याचा कागद वाटला होता. लेकीनं घरी येऊन तो स्वतःच दोनदा वाचला आणि एका ओळीवर बोट ठेवून मला दाखवला.

"मम्मी, ह्याच्यात ओमान पण हाय."

ओमानमध्ये तिचे पप्पा होते. म्हणजे तिच्या लेखी होते.

मी सरकारी दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर बसते. नाव, वय, गाव विचारायचं आणि लिहायचं, एवढं माझं काम. माझे आईवडील ऊसतोडीला जायचे, त्यामुळं माझी निम्मी शाळा कारखान्यांच्या आसपास पालात बुडाली. तरी कशीबशी शिकले. लग्न सिरसाळ्याला झालं. नवरा क्रेन चालवायचा. लेक चार वर्षांची असताना तो मस्कतला गेला. पहिलं वर्षभर रोज फोन यायचा. तिकडचा समुद्र दाखवायचा, क्रेनवर चढून खालची माणसं दाखवायचा. मग आठवड्यानं यायला लागला, मग महिन्यानं. मी लेकीला घेऊन अंबाजोगाईत दोन खोल्यांत राहायला आले, ते नोकरीसाठी. मेळ्याच्या दीड वर्ष आधी एका दुपारी माझ्या भावाचा फोन आला. त्याच्या ओळखीच्या एका ड्रायव्हरनं माझ्या नवऱ्याला चाकणला बघितलं होतं. बरोबर एक बाई होती आणि तिच्या कडेवर लेकरू.

मी खिडकी सोडून मागच्या जिन्यात गेले आणि त्याला फोन लावला. त्यानं उचलला. नाकारलं नाही. "मी सांगणारच होतो, पण कसं सांगावं कळंना," म्हणाला. मी विचारलं, लेकीला काय सांगू? तो म्हणाला, "तुला ठीक वाटंल ते सांग." त्यानंतर तो नंबर कधी लागला नाही. मी परत जाऊन खिडकीवर बसले. रांगेतल्या म्हाताऱ्याचं वय मी चुकीचं लिहिलं आणि त्यानंच ते मला दुरुस्त करून दिलं, एवढं आठवतं.

संध्याकाळी घरी आले तर लेक दारात उभी. "आज पप्पाला फोन लावायचा का?"

मी चपला काढत होते. तोंडातून निघून गेलं, "आत्ता नको. तिथं आत्ता रात्र असते."

ती हिरमुसली, पण पटलं तिला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं विचारलं तेव्हा मी म्हणाले, पप्पा आत्ता कामावर असतात, फोन जवळ ठेवू देत नाहीत. संध्याकाळी पुन्हा रात्र. असं करत करत दीड वर्ष गेलं. तिला सांगायचं हे मी रोज ठरवत होते. परीक्षा झाल्यावर सांगू, वाढदिवस झाल्यावर सांगू, सर्दी बरी झाल्यावर सांगू. माझ्या माहेरी, सासरी, दवाखान्यातल्या मैत्रिणींना, सगळ्यांना माहीत होतं. फक्त जिचा बाप होता तिलाच नव्हतं. ते मी दयेपोटी केलं असं मला तेव्हा वाटायचं. आता वाटतं, तिच्या तोंडाकडं बघून ते वाक्य उच्चारायची माझ्यात ताकद नव्हती, दुसरं काही नाही.

मेळ्याचा दिवस शुक्रवार होता. तिच्या शाळेला सुट्टी होती, मीही रजा टाकली. ओमान बघायचं म्हणून तिनं निळा फ्रॉक घातला, जो तिच्या पप्पांनी पहिल्या वर्षी वाढत्या मापाचा पाठवला होता. तो तिला आता आखूड झाला होता. खाली तिनं लेगिंग घातली आणि मला विचारलं, "चांगला दिसतो ना?" मी हो म्हणाले.

दारात एक पोरगा पुठ्ठ्याचे पासपोर्ट वाटत होता. प्रत्येक देशात गेलं की त्यावर शिक्का मारून घ्यायचा. लेकीनं पासपोर्टावर आपलं पूर्ण नाव लिहिलं, शाळेत लिहितात तसं, वडिलांचं नाव मध्ये आणि आडनाव शेवटी.

आम्ही जपानपासून सुरुवात केली. तिथल्या मुलींनी आयांच्या काठपदराच्या साड्यांचे किमोनो केले होते आणि पाटावर बसून कोरा चहा देत होत्या. चीनमध्ये नूडल्सना एवढी गर्दी, की शिक्का मारणारा पोरगाच सापडेना. फ्रान्सच्या मांडवात उदबत्तीच्या काड्यांचा मनोरा होता, वाऱ्यानं सारखा कलत होता आणि एक पोरगी नुसती तो धरून उभी होती. आफ्रिकेच्या पोरांनी हलगीच आणली होती. एका मास्तरांनी त्यांना विचारलं, आफ्रिकेतल्या कुठल्या देशाची बे ही हलगी? तर पोरं म्हणाली, सगळ्याच देशांची. लोक हसले. लेकही हसली. तिचा हात माझ्या हातात होता. घामेजलेला, गरम. त्या अर्ध्या तासात मी तिला पोटभर हसताना बघितलं, म्हणून हे सगळं एवढं बारीक लक्षात राहिलंय.

ब्राझीलमध्ये उसाच्या मोठमोठ्या शेतांचे फोटो लावले होते. यंत्रानं ऊस तोडतात, एक माणूस वर बसून चालवतो, असं तिथली मुलगी सांगत होती. मी लेकीला म्हणाले, तुझे आजी-आजोबा हेच काम हातानं करायचे. तिनं फोटो नीट बघितला आणि म्हणाली, "पप्पांना हे यंत्र पण चालवता येईल." मी तिला पुढं नेलं.

ओमानचा मांडव शेवटून दुसरा होता. आत उदाचा वास येत होता. चादरीवर खजुराची ताटं, एक पितळी सुरई आणि मागच्या पडद्याला समुद्राचं मोठं चित्र. काळा बुरखा आणि डोक्यावर सोनेरी काठाची ओढणी घेतलेली एक मुलगी सगळ्यांना खजूर देत होती. बीएच्या दुसऱ्या वर्षाला असावी. लेक तिच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि शिक्का मागायच्या आधी म्हणाली,

"माझे पप्पा इथं असतात. मस्कतला."

त्या मुलीचा चेहरा उजळला. "खरंच? माझे अब्बूपण तिथंच. नऊ वर्षं झाली. तुझे पप्पा काय करतात?"

"क्रेन चालवतात."

"मग अब्बू ओळखतही असतील. आपल्याकडची माणसं सगळी एकमेकांना ओळखतात तिकडं."

मी लेकीच्या खांद्यावर हात ठेवला. चल, मागं रांग झालीय, म्हणाले. रांग नव्हती.

लेक हलली नाही. तिनं विचारलं, "तिथं आत्ता रात्र असेल ना?"

"रात्र कावून?" ती मुलगी हसली. "आपल्याकडं अकरा वाजलेत ना, तिथं साडेनऊ. दीड तासाचाच तर फरक हाय. आमचे अब्बू रोज जेवायच्या वेळेला फोन करतात."

लेकीनं माझ्याकडं बघितलं नाही. मला वाटलं होतं बघेल. ती त्या मुलीकडंच बघत राहिली. जणू पाढा म्हणताना मध्येच अडलीय.

त्या मुलीला काय वाटलं कोण जाणे. लेकराला खूश करावं असंच वाटलं असणार. "थांब, आज जुम्मा, अब्बूंना सुट्टी असती. दाखवते तुला मस्कत," म्हणत तिनं फोन काढला. मी "नको, कशाला त्रास" म्हणेपर्यंत फोन लागलाही. पडद्यावर पन्नाशीचा, दाढी मेंदीनं रंगवलेला माणूस दिसला. कुठल्याशा गच्चीवर बनियनवर बसला होता. मागं दोरीवर कपडे वाळत होते आणि त्यांच्यावर लख्ख ऊन पडलं होतं.

मुलीनं त्यांना सांगितलं, अब्बू, ह्या बाळाचे पप्पा तिकडंच हायेत. ते पुढं झुकले. "आरं वा. नाव काय बेटा पप्पाचं?"

लेकीनं पूर्ण नाव सांगितलं. गाव सांगितलं. क्रेनचा रंग पिवळा होता हेही सांगितलं.

"सिरसाळ्याचे का? मी शोधतो बेटा. क्रेनवाले आपले पाचसहाजण हायेत इथं, कुणाला ना कुणाला ठाऊक असंल. मम्मीचा नंबर देऊन ठेव दीदीकडं."

लेकीनं माझा नंबर पाठ म्हणून दाखवला. एवढ्या माणसांत मी काय बोलणार होते? त्या मुलीनं पासपोर्टावर शिक्का मारला, लेकीच्या ओंजळीत चार खजूर ठेवले, आणि आम्ही बाहेर आलो. एक देश राहिला होता, रशिया. लेक म्हणाली, घरी जाऊ.

रस्त्यात ती एकदाच बोलली. "मम्मी, तिथं तर ऊन होतं."

तेव्हा सांगता आलं असतं. भर दुपार होती, रिक्षा मिळत नव्हती, आम्ही एका बंद दुकानाच्या पायरीवर सावलीला बसलो होतो. आसपास कुणी नव्हतं. मी म्हणाले, "पप्पा आता मस्कतला नाहीत ना. कंपनीनं त्यांना लांब पाठवलंय. तिथं असते रात्र."

"कुठं?"

"लांब. मलाही नाव नीट सांगता येत नाही."

तिनं मान डोलावली. खजूर तिच्या हातात चिकट झाले होते. तिनं ते खाल्ले नाहीत, मलाही दिले नाहीत.

नंतरच्या रविवारी सकाळी आमच्याकडं नळ आला होता. अंबाजोगाईत नळ आठवड्यातून एकदा येतो, त्यामुळं तो आला की दुसरं काही सुचत नाही. मी अंगणात ड्रम भरत होते, फोन आत ओट्यावर होता. तो वाजला आणि लेकीनं घेतला. मला आतून तिचा आवाज ऐकू येत होता. हां. हां, मीच. मम्मी पाणी भरतीय, मला सांगा ना. मग बराच वेळ काही नाही.

मी ओल्या हातानं आत पळाले. फोन तिच्या कानाला होता. मी तो घेतला. पलीकडं तेच गृहस्थ होते, मस्कतचे. ते एवढंच म्हणत होते, "बेटा? बेटा, मम्मीला दे ना." मी बोलतेय म्हटल्यावर ते म्हणाले, "ताई, माफ करा. तिनं विचारलं पप्पा सापडले का, मी सहज बोलून गेलो, ते तर लई दिवस झाले इंडियात गेले, पोचले असतील की. माझ्या ध्यानातच आलं न्हाई. मला वाटलं..." त्यांना काय वाटलं ते त्यांनी सांगितलं नाही. मी म्हणाले, तुमची काही चूक नाही. त्यांची खरंच काही चूक नव्हती. कामावर जायच्या आधी वेळ काढून त्यांनी फोन केला होता.

बाहेर ड्रम भरून वाहत होता. लेक गेली आणि तिनं पाईप दुसऱ्या ड्रममध्ये टाकला. मी तिच्या मागं जाऊन उभी राहिले. ती वळून म्हणाली,

"आपण घर बदललं म्हणून पप्पाला आपण सापडत न्हाई का?"

मी नाही म्हणाले नाही, आणि तेच तिनं हो असं धरलं. दिवसभर ती त्याच गडबडीत होती. पप्पा सिरसाळ्याला गेले असतील, तिथं आपण दिसलो नसू, मग ते सगळीकडं शोधत असतील. तिनं वहीचं पान फाडून त्यावर आमचा पत्ता लिहिला. कुठल्या चौकातून वळायचं, पिठाच्या गिरणीपासून कितवं घर, दाराचा रंग हिरवा. ते आजीकडं नेऊन द्यायचं, म्हणजे पप्पा आले की आजी त्यांना देईल. दोन दिवस ती माझ्या मागं लागली. मी तिला घेऊन गेले. तिथं सासूबाईंसमोर बसून, त्यांच्या मदतीनं सांगावं असं काहीतरी मनात होतं.

परळीत बस बदलून आम्ही सिरसाळ्याला पोचलो. बाजाराचा दिवस होता. सासूबाई घरी होत्या, ओसरीवर तूर पाखडत होत्या. नातीला बघून त्यांनी सूप खाली ठेवलं, तिचा चेहरा दोन्ही हातांत घेतला. "किती वाढली गं माझी बाय." लेकीनं त्यांच्या हातात कागद दिला आणि सांगितलं, पप्पा आले की द्या.

सासूबाईंना वाचता येत नव्हतं. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी डोळ्यांनी नको नको म्हणत होते, पण त्या बाईचा माझ्यावर आधीपासूनच राग होता. मी घर सोडून गेले म्हणून पोरगा बिघडला, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं.

"तो आलता की," त्या म्हणाल्या. "दिवाळीला आलता, आन परवाच्या संक्रांतीलाबी आलता. तुझ्या मायला ठावं हाय सगळं. तिनं न्हाई का सांगितलं?"

मग त्या आत गेल्या आणि मोबाइल घेऊन आल्या. कुणीतरी त्यात फोटो घालून दिला होता. त्याच ओसरीवर माझा नवरा बसलेला, मांडीवर साधारण दोन वर्षांचा मुलगा, आणि बाजूला त्या बाईची साडी अर्धी दिसत होती. सासूबाईंनी तो वाईट हेतूनं दाखवला असं मी म्हणणार नाही. त्यांना तो नातू होता. लेकीला त्या म्हणाल्या, "ह्यो तुझा भाऊ."

लेकीनं फोन हातात घेऊन फोटो मोठा केला. आधी त्या बाळाचं तोंड बघितलं, मग पप्पांचं. पप्पांचं बराच वेळ. मग फोन परत दिला आणि आजीच्या हातातला कागद मागून घेतला. घडी घालून फ्रॉकच्या खिशात ठेवला. आजीनं भाकरी खाऊन जा म्हटलं, तर ती म्हणाली, भूक न्हाई.

परतीच्या बसमध्ये आम्हाला मागची सीट मिळाली. परळीपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती. परळीच्या स्टँडवर दुसऱ्या बसची वाट बघताना तिनं विचारलं,

"तुला ठावं होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"तू तिसरीत गेलीस तेव्हापासून."

तिनं मनाशी हिशेब केला. तिसरीचं वर्ष, मग चौथीचं. मी तिला जवळ ओढायला गेले तर ती बाकाच्या पलीकडच्या टोकाला सरकली. रडली नाही. मला वाटत होतं रडावी. मी काय काय बोलले मग. तू लहान होतीस, तुला वाईट वाटलं असतं, मी सांगणारच होते. आपण नेमके त्याचेच शब्द बोलतोय हे माझ्या ध्यानात आलं आणि मी थांबले.

त्यानंतर तिनं बापाचं नाव काढलं नाही. त्याच्यावर चिडली, त्याला शिव्या दिल्या, असंही कधी झालं नाही. तिचा राग त्याच्यावर नव्हताच. तो लांबचा माणूस, त्यानं जे केलं ते लांबून केलं. रोज तिच्या ताटात भाकरी वाढून, तिची वेणी घालून, डोळ्यांत बघून खोटं बोलणारी मी होते. असं ती कधी म्हणाली नाही. पण मी घरात दूध आहे म्हणाले की ती पातेलं उघडून बघायची. उद्या शाळा आहे म्हणाले की शेजारच्या मुलीला विचारून यायची. पाच मिनिटांत येते म्हणून मी दुकानात गेले, की परत येताना ती गच्चीवर उभी दिसायची, मी खरंच दुकानातून येतेय का ते बघत. मी भांडले, समजावलं, एकदा हातही उगारला. दवाखान्यात एक समुपदेशक बाई आहेत, त्यांच्याकडं नेलं. त्या म्हणाल्या, वेळ लागेल, तुम्ही खरं बोलत राहा. मी खरं बोलत राहिले. त्याचा उपयोग होतो असं मला दिसलं नाही. खरं आणि खोटं बोलताना माझा चेहरा सारखाच असतो, हे तिनं एकदा बघितलं होतं.

मागच्या पावसाळ्यात मला डेंग्यू झाला. पेशी कमी झाल्या म्हणून आमच्याच दवाखान्यात भरती केलं. लेक तेव्हा सहावीत गेली होती. माझी बहीण तिला घेऊन भेटायला आली. मी तिला म्हणाले, काळजी करण्यासारखं काही नाही, दोन-तीन दिवसांत घरी येते. डॉक्टरांनी मला हेच सांगितलं होतं, शब्दाला शब्द. ती हो म्हणाली आणि पाण्याची बाटली भरून आणते म्हणून बाहेर गेली.

वॉर्डाचं दार उघडं होतं. बाहेर सिस्टरचं टेबल. तिचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला.

"सिस्टर, माझी मम्मी मरणार हाय का? तिला विचारू नका, ती खरं सांगत न्हाई."

सिस्टर माझी ओळखीची. तिनं लेकीला जवळ घेऊन सगळं समजावून सांगितलं, पेशी किती आहेत, किती वाढायला हव्यात, कागद काढून दाखवला. लेकीनं ऐकून घेतलं. मग थोड्या वेळानं, सिस्टर आत सलाईन बदलायला आली तेव्हा, मी दारातून बघितलं. लेक पलीकडच्या टेबलाशी दुसऱ्या सिस्टरला तेच विचारत होती.

तिसऱ्या दिवशी मला घरी सोडलं. मी कपडे आवरत होते आणि ती खाटेजवळ उभी होती. मी म्हणाले, बघ, सांगितलं होतं ना. तिनं माझ्या हातातली पिशवी घेतली आणि पुढं चालायला लागली.